जाळीचं जॅकेट

नाना पेठेत, भर दुपारी,
अर्ध्या शटरखालून वाकून आत गेले तर इद्रीसभाई म्हणाले,
मिस्टरांचा साइझ सांगा मॅडम.
मी बाही वर करून कोपर दाखवलं.
साइझ हा.

बापदेव घाटात, गेल्या मार्चात,
कुठलासा डंपर वळणावर थोडी खडी सांडून गेला होता.
मी सनकोटात होते.
पांढरा, सुती, आईने शिवलेला, बाह्यांना पंजे जोडलेले,
पुण्यातली अर्धी बायकामंडळी उन्हाळाभर ज्यात राहते
तसलाच.
सनकोट ऊन अडवतो.
डांबराच्या तो खिजगणतीतही नव्हता.
पाच-सहा मीटर घसरले असेन फार तर,
तेवढ्यात कोपराची कातडी
रस्त्याने ठेवून घेतली. पावती नाही.

इद्रीसभाईंनी आधी चामड्याचं काढलं.
काळं, जड, नव्या बुटांच्या वासाचं.
पाठीवरून हात फिरवला तर
पॉलिशखाली गोचिडांच्या बारीक खुणा.
मी गुरांची डॉक्टर आहे, भाई.
ज्याचं हे होतं त्यालाच एप्रिलात झेपत नसेल,
मला काय झेपणार?

मग जाळीचं.
त्यांनी ते टेबलफॅनसमोर धरलं,
पलीकडे बिलबुकाची पानं फडफडली.
आणि पडले तर?
त्यांनी कोपरातली ढाल उपसली,
तळहाताएवढी, लोण्यासारखी लवचीक,
काउंटरवर ठेवून पान्याने हाणली.
घावापुरती दगड झाली. परत मऊ.
अशी दोन माणसं मला माहीत आहेत,
नावं घेत नाही.

सैल नको, ते म्हणाले.
घसरताना बाही फिरली
तर ढाल जाते दंडावर, आणि कोपर पुन्हा उघडं.
काळं नको, मी म्हणाले.
राखाडी घेतलं. साडेसहा हजार.
आईला साडेतीन सांगितले,
तरी ती म्हणाली, एवढ्यात बारा सनकोट झाले असते.

एक्केचाळीस अंश.
बोपगावच्या पुढे जाळीतून जे आत येतं
त्याला वारा म्हणवत नाही,
कुणीतरी चुलीवरचं झाकण काढून
छातीशी धरल्यासारखं.
भिवरीला झेंड्यांच्या गोठ्यावर लसीच्या पेटीतला बर्फ
माझ्याआधी वितळायला आला होता.

आणि डबक्यात त्यांची म्हैस,
डोळे अर्धे मिटून, अंगभर चिखल.
म्हशीला घाम जेमतेम येतो.
कॉलेजात हे दोन मार्कांना होतं,
मी लिहिलंही होतं, मार्कही मिळाले होते.
तिच्याकडे आहे तेवढ्यावर भागत नाही
म्हणून ती पाणी बाहेरून घेते
आणि वाऱ्याला म्हणते, ने.

लस टोचून झाल्यावर गोठ्यामागे जाऊन
मी आतला सुती टीशर्ट काढला,
हौदात बुचकळला, न पिळता घातला,
वर जाळी, वर चेन.
झेंड्यांची सून तोंडाला पदर लावून हसली.
घाट चढताना मात्र
पाठीतून असा गारवा गेला
की मी हेल्मेटच्या आत मोठ्याने
म्हशीचे आभार मानले. नाव विचारायचं राहिलं होतं.

खडी मशीन चौकापर्यंत सगळं सुकलं.
(घसरले खडीवर, आणि रोज थांबते या चौकात.
पुणं एवढा विनोद करतंच.)
सिग्नलला अठ्ठ्याहत्तर सेकंद.
शेजारी स्कूटीवर एक मुलगी,
पांढरा सनकोट, पंजे, स्कार्फातून दोन डोळे.
काकू, त्या जॅकेटात उकडत नाही?

उत्तर दाखवण्यासारखं होतं.
मी बाही वर सारायला गेले.
ढाल आडवी आली.
पुन्हा ओढली. नाहीच.
चार, तीन,
ती मान हलवून निघून गेली,
कोंढव्याच्या उतारावर तिचा सनकोट
कितीतरी वेळ दिसत राहिला, फुगलेला, पातळ.