गावाला वळसा

पवननगरात पिठाच्या गिरणीवर एक खोली आहे.
जिन्याचा कठडा धरला की तळहात पांढरा होतो.
आत दहा कॉम्प्युटर, चौथा माझा.
त्याच्या माऊसचं डावं बटण किंचित अडतं,
हे फक्त मला ठाऊक आहे, आणि त्याला.

आम्ही पाच. प्रणित आहेर, तन्वीर,
गांगुर्ड्यांचे दोघे, आणि मी.
चौघं दाराशी भिडतात.
मी लांबून जाते.

लांबून म्हणजे पाण्याच्या टाकीमागून,
मग एका रिकाम्या स्वयंपाकघरातून
(टेबलावर कायम अर्धा कापलेला पाव,
कोणी काढला असेल तो, कुठल्या देशात बसून),
मग गटाराच्या बोळातून, चालत.
पळालं की पाऊल वाजतं.
बत्तीस सेकंद. मोजलेत मी.

त्या बत्तीस सेकंदांत
मी कुणाच्याच उपयोगाची नसते.

हेडफोनात प्रणित मरतो.
'एक गेला,' तो स्वतःच सांगतो,
अंबडच्या कंपनीत पाळी संपल्यावर
कार्ड पंच करावं तसं.
थोरला गांगुर्डे शिव्या देत मरतो.
धाकटा न सांगताच.
तन्वीर नेम धरत नाही, नुसता झाडतो,
भिंतीवर, पत्र्यावर, आभाळात,
आवाज व्हावा म्हणून.
समोरच्यांनी समोरच बघावं म्हणून.

एकदा देवळालीकडून खऱ्या तोफांचा सराव ऐकू आला,
खिडकीची काच थरथरली.
तन्वीर म्हणाला, हा आपला नव्हे, खेळा.

काखेत कळसा नि गावाला वळसा
असं म्हणून हसायची रीत आहे.
पण कळसा काखेत नसतोच.
तो गावाच्या पलीकडे असतो
आणि वेशीवर पाच जण बंदुका रोखून.

आई म्हणते, प्रश्नाला बगल देऊ नकोस.
तन्वीर म्हणतो, बगलेतून जा.
शब्द तोच. मी दोघांनाही हो म्हणते.

रेणुताई समोरून गेली होती.
बारावीनंतर, भर जेवणात, ताट बाजूला सारून:
मला पुण्याला शिकायचंय.
सगळं घर तिच्याकडे वळलं,
बाबा, दोन्ही काका, चांदवडची आत्या.
दोन वर्षं सगळ्यांचे डोळे त्या एका दारावर.
तेवढ्यात मी आयटीआयचा फॉर्म भरला,
स्कूटर शिकले, केस कापले,
सातपूरला रात्रपाळी घेतली.
कुणी विचारलंच नाही.
धाकटी गुणाची, म्हणतात. कधी आवाज नाही तिचा.

ताई आता पिंपळगावला असते. द्राक्षं, दोन मुलं.
फोन करते तेव्हा आधी हेच विचारते,
जिंकलात का गं?

रविवारी नाशिकरोडची टीम.
बत्तिसाव्या सेकंदाला मी कोपऱ्यावर.
समोर पाच पाठी.
एकाच्या पाठीवर पिवळं दप्तर,
एक उगीच जागच्या जागी उड्या मारतोय, करमत नाही म्हणून.
इतक्या जवळून पाठ
झोपलेल्या माणसाच्या तोंडासारखी दिसते.

आमच्यातला एकटा तन्वीर उरलेला.
गोळ्या संपलेल्या, तरी दारात उभा,
चाकू घेऊन नाचतोय,
ए, इकडे बघा, इकडे.

डावं बटण अडलं.
मग सुटलं.

नंतर पडद्यावर हिशेब आला:
माझ्यापुढे पाच, तन्वीरपुढे शून्य.
सगळे माझ्या पाठीवर थापा मारत होते
आणि मला मागून कुणी हात लावला की दचकायला होतं,
ते कुणाला कळलं नाही.
तन्वीरनं मिसळीत जास्तीचा रस्सा मागितला, एवढंच.

जिन्यात ताईचा फोन.
जिंकलात का गं?
तन्वीर जिंकला, मी म्हटलं.
तो कोण?
मी सांगायला लागले, सगळं, अगदी दारापासून,
पण खाली गिरणी सुरू झाली होती, ज्वारीची,
आणि ती पलीकडून नुसतं
काय? काय म्हणालीस? मोठ्याने बोल.