टोकन सत्तेचाळीस

गेटवर लायटर जमा करायचा, हा नियम.
आत नळ्यांमधून जे वाहतं
त्याला ठिणगी चालत नाही.
तिलबहादूर तो खणात ठेवतो, पितळी टोकन देतो, सत्तेचाळीस.
संध्याकाळी टोकन द्यायचं, लायटर घ्यायचा,
आणि बस यायच्या आत, कुंपणापलीकडे,
दोन.

सहा वर्षं असंच.

मग रुवैसच्या दवाखान्यात एका नळीत फुंकलो.
अजून, अजून, अजून, म्हणाली सिस्टर.
काटा अर्ध्यावर येऊन दमला.
तीन महिन्यांनी परत या, म्हणाला डॉक्टर,
असंच राहिलं तर टाकीत उतरणं बंद.
खरं सांगतो, मला फुप्फुस नाही आठवलं,
टाकीचा भत्ता आठवला.
थोर कारण ज्याला हवं त्यानं आपापलं शोधावं.

पहिल्या संध्याकाळी तिलबहादूरनं लायटर पुढं केला.
राहू दे, म्हटलं.
"आज नको?"
"आज नको."
एवढंच. 'कायमचं' हा शब्द मी तोंडात घेतला नाही,
दाढेत अडकला असता.

तिसऱ्या दिवशी हात खिशात जायचा
आणि हात हलवत परत यायचा.
लवंगा चावून जीभ सोलली.
रात्री मोईदीन चहात साखर ढवळत होता,
त्या चमच्याच्या आवाजावरून मी त्याच्याशी भांडलो.
सकाळी माझा डबा भरलेला होता.
तो बोलला नाही. मीही नाही.

पाचव्या दिवशी खोकला वाढला.
सोडून वाढला? मग फायदा काय, ही फोनवर.
म्हटलं, तुंबलेली मोरी काढताना आधी घाणच वर येते.
म्हणाली, मोरी कधी काढलीत तुम्ही?

नववा दिवस लिहितो,
लपवला तर हिशोब जुळायचा नाही.
गेटवर नवा माणूस. त्यानं काही विचारलं नाही,
टोकन बघितलं, लायटर हातावर ठेवला.
सुरिंदरनं पाकीट उघडलं.
अर्धी ओढली. जळक्या गोणपाटाची चव,
आणि गुडघ्यांत पाणी.
उरलेली वाळूत खुपसली, तशीच उभी राहिली ती,
कुणाच्या तरी नावानं लावल्यासारखी.

दहाव्या सकाळी तिलबहादूर परत.
वहीत माझी कालची सही बघून
मान वर न करता म्हणाला,
"आज एक, की दहा?"
दहा, म्हटलं. त्यातला एक फुटका.
"लिहून घेतो."

दुपारी साडेबारा ते तीन उन्हामुळं काम बंद.
सावली असते, झोप नसते.
ते अडीच तास मी मनात फ्लँज आवळतो.
बोल्ट एका बाजूनं आवळत सुटायचं नसतं,
एक इथला, एक समोरचा,
थोडा, मग अजून थोडा,
नाहीतर गॅस्केट फाटतं आणि सगळं पहिल्यापासून.

सतराव्या दिवशी नाक परत आलं.
आधी गंधक, मग खोलीतल्या सहा जणांचे मोजे,
मग दमट हवेतून समुद्र,
जो इतकी वर्षं तिथंच होता.
कपाट उघडलं तर आतून कुणीतरी अंगावर आलं.
माझाच शर्ट.
मागच्या रजेत हाच घालून उतरलो होतो,
हाच घालून तन्मयीला उचललं होतं.
ती मान वळवत होती.
मला वाटलं, लाजते.

तो शर्ट तीनदा धुतला. अजून पूर्ण गेलेला नाही.

आज तेविसावा.
पुढच्या महिन्यात तिलबहादूर गावी जाईल, दांगला,
मग गेटवर रोज कोण विचारणार, माहीत नाही.
टोकन खिशात असतं. घामानं ओलं,
उठावाचा आकडा अंगठ्याला लागतो.
काल तीनदा इच्छा झाली.
आजची बस
अजून यायची आहे.