शून्य कुठे आहे

अंबड लिंक रोडच्या भंगारात नजीरभाईंनी
धूळ पुसून एक संगणक पुढे सरकवला.
"मागं पंचवीस भोकांचा पोर्ट आहे मॅडम,
आता असा येत नाही.
नाही चालला तर आणा परत,
वजनावर घेतो."

दुसरा पर्याय निळा, तळहाताएवढा बोर्ड,
त्यावरचं सॉफ्टवेअर फुकट.
तिसरा पराग विसपुतेने सुचवलेला,
डबाबंद, स्क्रीनसकट, तीस हजारांचा:
"लाव आणि विसर."
विसरायचंच असतं
तर सिडकोतल्या दोन खोल्यांत
बाल्कनीतलं धुणं काढून
रेल कशाला बसवल्या असत्या?

दिवसभर सातपूरला मी गेज लावते.
दहा मायक्रॉन इकडेतिकडे, की लाल टॅग.
तिथली मशीन स्वतःच बघते, पोचले का.

माझी स्टेपर मोटर बघत नाही.
चारशे पावलं सांगितली, चारशे टाकते.
वाटेत गाठ लागली लाकडाला,
तीन पावलं जागच्या जागी पडली,
तरी तिच्या लेखी ती पोचली.
अशी माणसं पाहिलीत मी.
एकाशी लग्न ठरलं होतं.

महिनाभर रात्री दोन्ही जोडून पाहिले.
संगणकात अँटीव्हायरस जागा झाला
की मोटरला उचकी.
बोर्डाचं वेगळंच,
वरच्या मजल्यावर मिक्सर लागला
की कुणी न दाबलेला लिमिट स्विच
दाबला म्हणायचा.
मग शील्डची तार, मग अर्थिंग,
मग एवढासा कपॅसिटर,
आणि वरच्यांच्या चटणीशी
आमचा संबंध संपला.

तरी ठरत नव्हतं.

एका शनिवारी काम अर्धवट असताना लाइट गेली.
अंधारात गॅन्ट्रीला माझा धक्का लागला.
लाइट आल्यावर संगणकाने
मघाचेच आकडे दाखवले,
तीन दशांश स्थळांपर्यंत, ठामपणे.
पुढच्या शनिवारी बोर्ड जोडला
आणि मुद्दाम बटण बंद केलं.
उठल्यावर तो कुलूप लावून बसला:
मी कुठे आहे, माहीत नाही.
आधी घरी जाऊ दे.

मी जाऊ दिलं.
हळूहळू कोपऱ्याकडे सरकत
स्विचला टेकला,
किंचित मागे आला, पुन्हा टेकला,
आणि मग म्हणाला, शून्य.

पहिलं वर्तुळ चाळीस मिलिमीटरचं.
आडवं चाळीस, उभं एकोणचाळीस पूर्णांक आठ.
पट्टा सैल आहे. उद्या बघू.

नजीरभाईंनी संगणक काट्यावर ठेवला.
साडेआठ किलो.
पंचवीस भोकांचे
वेगळे पैसे नाहीत, म्हणाले.