मंगळवार, शुक्रवार

मंगळवारी आणि शुक्रवारी मी पावाची गाडी घेऊन
ऑस्ट्रियातल्या त्या घळीत चढतो.
एकतीस घरं. त्यांतली अकरा उघडी.
हॉर्न दोनदा वाजवायचा, ही माझ्या आधीच्या ड्रायव्हरची रीत.
तरी उतरून दारं ठोकावीच लागतात,
कारण हामरग्राबेन हे गाव ठार बहिरं आहे.

अलंकार नाही हा.
ओढ्यावर सात पाणचक्क्या होत्या,
प्रत्येकीच्या पोटात एक घण, बैलाच्या डोक्याएवढा,
मिनिटाला दोनशे वेळा पडणारा.
लालभडक कांडी आत जायची, आणि बाहेर यायचं
लांब विळ्याचं पातं, उभ्याने गवत कापायचं.
चंद्रकोरीसारखं, असं मी एकदा म्हणालो,
तर कोर्बिनियान चिडला :
"चंद्राने कधी गवत कापलंय का?"

पात्यावर ठसा असायचा, तीन मासे.
ते मासे अजून गावभर आहेत :
बंद शाळेच्या दारावर, बियरच्या पेल्यांवर,
आणि स्मशानात, जिथे लोक आता
घरांपेक्षा दाटीने राहतात.

मग शेतांत यंत्रं आली. एका गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीआधी,
पाटाची फळी खाली पडली.
त्या रात्री गावात कुणालाच झोप लागली नाही.
शांतता अशी अंगावर आली की तान्ही मुलं रडून उठली,
आणि लेओपोल्डीनेने म्हणे पहाटेपर्यंत
पाळण्याच्या दांडीवर चमचा ठोकला.

ओटिलियेकडे संग्रहालयाची किल्ली असते.
गेल्या वर्षी एकोणीस माणसं आली,
पाच जणांना फक्त शौचालय हवं होतं.
तिने त्यांचीही नावं वहीत लिहिली.
नेव्झात सिवासहून दोन वर्षांसाठी आला होता, भट्टीवर.
आता बावन्न वर्षं झाली.
दर रविवारी तो शेवटच्या चाकावर पाणी सोडतो.
"लाकूड कोरडं राहिलं तर फुटतं," तो म्हणतो.
कशालाही न जोडलेलं ते चाक तासभर फिरतं,
आणि तो बाजूला बसून सूर्यफुलाच्या बिया सोलतो.

बोलणाऱ्याची माती विकते म्हणतात.
इथे माझा गहू मुकाट्याने विकला जातो,
बोटं दाखवून.

गेल्या महिन्यात खालच्या शहरातून एक मुलगी आली माझ्याच गाडीतून,
मांडीवर जुन्या बाजारातलं पातं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं.
धार लावून हवी होती, बस.
कोर्बिनियानने चष्मा काढला, डोळे मिटले,
अंगठा पाठीवरून हळूहळू नेला, ठोक्यांच्या खळग्यांतून,
जसं कुणी जुनं पत्र अंधारात वाचावं.
"माझं नाही हे," तो म्हणाला. "इग्नाझचं आहे.
टोकाकडे हात घाईला यायचा त्याचा."

इग्नाझ, म्हणजे लेओपोल्डीनेचा नवरा.
एका ऐरणीवर नऊ वर्षं, मग मरेपर्यंत अबोला.
कारण कुणालाच धड माहीत नाही.
बहुधा एक काहीतरी बोलला
आणि दुसऱ्याने भलतंच ऐकलं.

म्हातारा पातं घेऊन उतार उतरला,
चार घरं, मध्ये दोनदा थांबून.
मी दार ठोकलं, माझी सवय.
तिने पातं पदरी घ्यावं तसं एप्रनवर घेतलं,
आणि टोकाकडे बोट गेल्यावर हसली,
मोठ्याने, बहिरी माणसं हसतात तशी.
मुलगी धारेसाठी ताटकळत उभी.
माझे पाव गार होत होते, आणि वरच्या वस्तीत
कान शाबूत असलेले लोक हॉर्नची वाट पाहत होते.

त्या शुक्रवारी कोर्बिनियानने
एकाऐवजी दोन पाव घेतले, एक जिऱ्याचा,
जो त्याला आवडत नाही.
मी काही विचारलं नाही.
विचारायचं तर ओरडून विचारावं लागलं असतं,
आणि सगळ्या गावाला
ऐकू गेलं नसतं.