कदमताल

कन्या शाळेच्या मैदानावर तांबोळी सर ओरडायचे, दाहिने मुड!
सगळी रांग उजवीकडं,
मी डावीकडं,
अन् नाकाला नाक लागायचं मंगल कापसेचं.
ती हसायची. सर छडी शोधायचे.

वेंधळी. धांदरट. घुमी.
घरात नावं लई होती, मी एकच होते.

मोठेपणी जिमचे वर्षाचे पैसे भरले, गेले तीन दिवस.
भिंतभर आरसे, ट्यूबलाइटची बारीक किणकिण
जी म्हणे कुणालाच ऐकू येत नव्हती,
अन् कानाशी तो पोरगा: मॅडम, अजून दहा, अजून दहा.
चौथ्या दिवशी चपलांच्या रॅकपासूनच परत.
आळशी, हे नाव तेव्हाचं.

सत्तेचाळिसाव्या वर्षी औरंगाबादला
एका डॉक्टरीणबाईनं तीन तास विचारलं.
लहानपणी कपड्याचं लेबल टोचायचं का?
टोचायचं. दादाच्या ब्लेडनं कापायचे, भोक पडायचं, मार खायचे.
तिनं चार अक्षरं लिहून दिली. ऑटिझम.
पॅसेंजरमध्ये तो कागद मांडीवर घेऊन बसले
दुसऱ्याचं लेकरू धरावं तसा.
परतूरपर्यंत रडले.
सेलूला भूक लागली.

आता पहाटे विद्यापीठाच्या रस्त्यानं चालते.
कानात कापूस. कुर्ता उलटा, शिवणी बाहेर.
रोज तोच रस्ता, प्रत्येक लिंबाला हात लावत.
आधीही लावायचे, पण इकडं तिकडं बघून,
चोरावानी.
एखादा राहिला तर माघारी जाते.
वजन? दीड किलो वाढलं.
पण जिना चढताना गुडघा आता कुरकुरत नाही,
अन् रात्री झोप येते
भरलेल्या पोत्यासारखी, धपकन.

परवा सोनपेठकर काकांनी हटकलं,
कामून गं, झाडं मोजायलीस का?
तोंडात खोटं तयार होतं, वर्षानुवर्षं मुरलेलं.
म्हणलं, हाव. हे एकतिसावं.
ते थांबले. मफलर सोडून परत बांधला.
अन् वाळलेलं धरतीस का?
धरते, म्हणलं.

जगात जर्मनी, भारतात परभणी,
अन् परभणीत मी, उलट्या कुर्त्यातली.
नवं लेबल टोचतं का, अजून कळालं नाही.
रोज घालून बघते.

वळणावर अजूनही जेवायचा हात हलवून बघावा लागतो
उजवीकडं वळायचं तर.
बघते. वळते.
समोरून कुणी आलंच नाकाला नाक,
तर येऊ दे.