एकाच माणसापुरता

भिंतीवरचा फोन वाजला की
टॅकेट सूर्यफुलाची टरफलं थुंकून उठायचा.
मी कॅचर, पण कुंपणामागचा, सरावापुरता.
माझ्या ग्लव्हमध्ये पडलेले त्याचे चेंडू
कुठल्याच वहीत नाहीत.

अकरा वर्षं. टोलिडो, ओमाहा, एकदा वर,
मग रात्रीच्या बसनं परत टोलिडो.
डावखुरा होता, पण डाव कधीच त्याचा नसायचा.
दुसऱ्यानं विसकटलेला हाती यायचा:
तिन्ही बेसवर माणसं, लोक उभे राहिलेले,
समोर बॅट फिरवत एक धिप्पाड डावखुराच.
चार चेंडू. कधी एकच.
तेवढ्यासाठी दिवसभर कोपराला बर्फ.

एकदा चेंडू जरासा लोंबला
आणि थेट पार्किंगमध्ये जाऊन पडला.
हॉटेलात दिवा मालवल्यावर म्हणाला,
"आवाज मस्त आला पण, नाही?"

मग नियम बदलला.
आलास तर निदान तिघांना टाकायचं.
उजव्यांपुढे त्याचं काही चालत नाही
हे आम्ही कुणी बोलायचो नाही.
जूनमध्ये त्याचा लॉकर रिकामा झाला,
एक मोजा तेवढा राहिला.

आता केंटकीत शाळेची बस चालवतो.
मार्चमध्ये गेलो होतो मी.
कोठाराला पाठ देऊन, गुडघे कुरकुरत, बसलो,
"टाक," म्हटलं. हसला नुसता, पायरीवरच बसून राहिला.
तेवढ्यात घरात फोन वाजला.
नेल्डानं उचलला; गॅसवाल्याचा होता.
टॅकेट तोवर उभा राहिलेला,
डावा खांदा फिरवत.