जिन्यातली जाळी

गोळीबार चौकाच्या मागे महापालिकेची ही शाळा,
आणि तिच्या डोक्यावर महापालिकेचीच दुसरी.
खाली मराठी, भिंत पिवळी, पोपडे धरलेली.
वर इंग्रजी, कुठल्याशा कंपनीच्या पैशाने रंगवलेली,
काचेचा फळा, थंड पाण्याची मशीन,
बुटांचे दोन जोड, काळा आणि शनिवारचा पांढरा.
मधे जिना. जिन्यात जाळी.
जाळीची चाबी माझ्या कंबरेला.

मी शिपाई. पगार एक, शाळा दोन.
खालची घंटा रुळाच्या तुकड्यावर हातोडीने वाजवतो.
वरची आपली आपण वाजते,
अर्धा मिनिट आधी.

मार्चमध्ये सोडत निघाली.
जागा चाळीस, अर्ज दोनशे बारा.
चिठ्ठ्यांना भांडं हवं, म्हणून कौतिकाबाईने
खिचडीचा गंज दिला, घासून, पुसून,
तरी हळदीचा वास होताच.
साहेब माईकवर म्हणाले, इथे कोणाचा वशिला चालत नाही.
खरंच होतं ते.
चिठ्ठ्या काढायला खालच्याच वर्गातली एक चिमुरडी उभी केली,
डोळे बांधायला रुमाल माझा.
हात तिचा स्वच्छ होता.
मी गंजाकडे पाहत होतो.

ऑटोवाला दिगांबर निमजे नाव ऐकताच ओरडला,
"आलं बे!"
मग त्याने शेजारी उभ्या साडूकडे पाहिलं
आणि स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

संध्याकाळी गंज परत द्यायचा होता.
तळाशी एकशे बहात्तर. चार-चार घड्या घातलेल्या.
साहेब जाता जाता म्हणाले, जाळून टाका.
काडी पेटीतून काढली, परत ठेवली.
पिशवीत भरून कपाटावर टाकल्या.

जूनमध्ये त्यातली बरीचशी खाली दाखल झाली.
हेडाऊ मॅडम हजेरी घेतात,
तेव्हा प्रत्येक "हजर"च्या आधी
मला एक इवलासा थांबा ऐकू येतो.
पोरांना ठाऊक आहे, आपण न निघालेले.
सहा वर्षांच्या माणसाला इतकं ठाऊक असू नये.

रागवायचं तरी कोणावर?
वरच्यांचे बापही ऑटोच चालवतात,
वरच्यांच्या आयाही धंतोलीत भांडी घासतात.
मिळालं त्यांना, मिळू दे.
बत्तीस वर्षं मी या इमारतीसाठी खिडकीला काच मागत होतो.
काच आली.
वरच्या मजल्यावर थांबली.

मधल्या सुट्टीत चारुली पौनीकर जाळीशी येते.
पलीकडून हर्षल येतो. जुळी आहेत,
एकाच पाळण्यातली, दोन चिठ्ठ्यांची.
ती वाटी आत सरकवते, गरम खिचडी,
कारण वरच्यांनी डबा आणायचा असतो
आणि आईला डब्याला वेळ नसतो.
तो बदल्यात शब्द देतो. वाटीला एक.
एलिफंट. अम्ब्रेला. परवा रेक्टँगल.
उधारी चालत नाही.

काल तो रिकाम्या तोंडाने आला.
म्हणाला, "मॅडम म्हन्ते, मराठीत बोलाचं नाई."
ती म्हणाली, "मंग इंग्रजीत घे ना खिचडी."

त्याला खिचडीचं इंग्रजी येत नव्हतं.
मलाही.
दोघं जाळीला धरून उभी.
वाटी निवत गेली.

वरची घंटा झाली. तो गेला.
माझ्या घंटेला अर्धा मिनिट होता.
चारुलीने विचारलं, "काका, जाळीले काय म्हन्तेत?"
म्हणालो, थांब, पाहतो.
आणि कपाटावरची पिशवी काढून
तिची चिठ्ठी शोधायला बसलो,
मागची बाजू कोरी असते, शब्द लिहायला होईल म्हणून.

खालची शाळा काल चार मिनिटं उशिरा भरली.
कोणी विचारलं नाही.
एकशे चाळीस उघडून झाल्या,
अजून सापडली नाही.